डोळ्यावर पट्टी लेकराच्या, की आपल्या?

नांदेड-लातूरच्या मायबापांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण निकालाचे आणि अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सुट्टीत आपली पोरं मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे बघत बसतात आणि आपण 'काय ते कार्टून बघत बसलायस' म्हणून ओरडतो. त्यातलं एक मी पूर्ण बघितलं. हायस्कूलात शिकणाऱ्या सैकी कुसुओ नावाच्या पोराची विनोदी गोष्ट. शूइची आसो या चित्रकाराची ही मालिका 2012 ते 2018 जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली, 2016 ला टीव्हीवर आली. या पोराला जन्मापासून सगळ्या शक्ती. दोनशे मीटरच्या आतल्या प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येतं, भिंतीपलीकडचं दिसतं, क्षणात इकडून तिकडं जातो. आणि एवढं सगळं असून त्याला पाहिजे काय? तर कुणी आपल्याकडं बघू नये, शांतपणे कॉफी जेली खाऊ द्यावी. परीक्षेत तो मुद्दाम सरासरी मार्क पाडतो, पळण्यातही मुद्दाम मधला नंबर घेतो. त्याचा एक दोस्त मात्र साधा पोरगा असून 'माझ्यात गुप्त शक्ती आहे' म्हणत हाताला पट्ट्या गुंडाळून फिरतो. हसू त्याच्यावर येतं.

हे बघताना मला हसू आलं आणि मग आपलं आठवलं. जपानी गोष्टीत शक्ती असलेलं पोरगं साधं राहायला धडपडतंय. आपल्याकडं साध्या लेकरांत शक्ती शोधायला मायबाप धडपडतायत.

मराठवाड्याला हा विषय नवा नाही. आपल्या आज्यांना विचारा, भानामती म्हणजे काय. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, भिंतीवर आपोआप अक्षरं उमटतात, ताटातल्या भाकरीत केस नाहीतर खडे निघतात. मग देवर्षी येतो, गावातल्या एखाद्या बाईकडं बोट दाखवतो आणि त्या बाईचं जगणं हराम होतं. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 ला सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी प्रकरणं उलगडली. त्यांची पद्धत साधी. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचं. बहुतेक वेळा दगड मारणारं, कपडा पेटवणारं माणूस घरातलंच निघतं, आणि पुष्कळदा ते बारा-पंधरा वर्षांचं पोरगं नाहीतर पोरगी असते, नाहीतर घरात दबलेली सून. शाळा सुटलेली, मार खाणारी, लग्न ठरवून टाकलेली. तोंडाने बोलायची सोय नाही, म्हणून दगडाने बोलते. कार्यकर्ते तिचं नाव चारचौघांत सांगत नाहीत. तिला समजावतात, घरच्यांना समजावतात, आणि दगड थांबतात.

म्हणजे मंत्र नव्हता, शक्ती नव्हती. एक लेकरू होतं आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

आता भानामती म्हटलं की शिकलेली माणसं हसतात. पण तीच माणसं 'मिड ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या शिबिराला हजारो रुपये भरतात! डोळ्याला पट्टी बांधायची आणि लेकरू नोटेचा नंबर वाचतं, पत्त्याचा रंग सांगतं, चित्र रंगवतं. स्टेजवर टाळ्या. मग सांगायचं की याची स्मरणशक्ती वाढली, आता हे बोर्डात आणि नीटमध्ये चमकणार. मी स्वतः एका मंगल कार्यालयात असा प्रयोग बघितला. कुणाचा, ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. पहिल्या रांगेत बसून एकच गोष्ट बघत होतो. प्रत्येक लेकरू कार्ड छातीजवळ धरत होतं, मान जरा वर करत होतं आणि नाकाच्या बाजूने खाली बघत होतं. नाक मध्ये असल्यामुळं पट्टी गालाला पूर्ण चिकटत नाही. तिथं फट राहते. जादूगार ही फट किती वर्षांपासून वापरतात!

आणि मिड ब्रेन म्हणजे काय? मेंदूच्या देठाचा वरचा लहानसा भाग, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडं मान वळवणं, जागं राहणं, असली कामं तो करतो. तो जन्मापासून चालूच असतो. तो बंद असता तर तुमचं लेकरू शिबिराला चालत आलंच नसतं. चालू असलेला पंखा परत चालू करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर द्याल का?

घरी पडताळा करायचाय? तीन गोष्टी करा. पट्टी बांधलेल्या लेकराच्या हनुवटीखाली एक रुंद पुठ्ठा आडवा धरा, म्हणजे खाली बघता येणार नाही. कार्ड त्याच्या डोक्याच्या मागं धरा. नाहीतर खोलीत पूर्ण अंधार करून वाचायला सांगा. खरी शक्ती असेल तर पुठ्ठ्याने काय बिघडतंय? मंगळुरूच्या नरेंद्र नायकांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हानं दिली. अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते आव्हान 2015 ला बंद झालं, तोवर एकालाही ते बक्षीस घेता आलं नाही. खुद्द जपानमध्ये 1974 ला युरी गेलर टीव्हीवर चमचे वाकवून गेला, तेव्हा पोरापोरांनी चमचे वाकवायला घेतले. त्यातल्या एका गाजलेल्या पोराची हातचलाखी साप्ताहिकाच्या कॅमेऱ्यात सापडली. फजिती कुणाची झाली? त्या लेकराची. मोठी माणसं नामानिराळी.

माझा राग पैशांपेक्षा ह्याच्यावर जास्त आहे. त्या लेकराला माहीत असतं की आपण फटीतून बघतोय. पण समोर आई डोळे पुसतीय, बाप व्हिडिओ काढतोय, सर पाठ थोपटतायत. ते खरं कसं सांगणार? दहा वर्षांच्या लेकराला आपण पैसे भरून खोटं बोलायला शिकवतोय, आणि त्या खोट्याचं ओझं त्यानं एकट्यानं वाहायचं. हेच लेकरू उद्या टेस्टमध्ये कमी मार्क पडले तर घरी सांगेल का?

इथं लातूर पॅटर्नबद्दल बोलायला पाहिजे. या पॅटर्नची इज्जत मला आहे. शाहू, दयानंदसारख्या कॉलेजांनी दाखवून दिलं की दुष्काळी भागातली, शेतकऱ्याची लेकरं परत परत सराव करून, टेस्टवर टेस्ट देऊन पुण्या-मुंबईच्या पुढं जातात. त्यात चमत्कार नव्हता, मेहनत होती. पण आता उद्योग भवनाच्या परिसरात काय, नांदेडच्या भाग्यनगरात काय, प्रत्येक खांबावर फोटो: 720 पैकी अमुक, 720 पैकी तमुक. हे बघून साधं लेकरू म्हणजे जणू बिघडलेलं लेकरू, असं मायबापांना वाटायला लागलं. शक्ती विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं ते या भीतीतून.

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त वापरत नाही. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, त्याच्याकडं लेखी तक्रार द्या. खोट्या जाहिरातीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोळा वर्षांखालच्या लेकरांना कोचिंग क्लासने घेऊ नये, रँकची खोटी हमी देऊ नये. आपल्या गल्लीत हे किती पाळलं जातं, तुम्हीच बघा.

शाळांच्या मुख्याध्यापकांनाही विनंती. असल्या प्रयोगाला शाळेचा हॉल देऊ नका. तुमच्या हॉलमध्ये झालं की मायबापांना ते खरंच वाटतं.

आणि मायबापांनो, ते शिबिराचे पैसे वाचवा. त्यात चांगली पुस्तकं येतील, नाहीतर लेकराच्या डोळ्यांची खरी तपासणी होईल. कितीतरी पोरांना फळा नीट दिसत नसतो आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. रोज अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याचं ऐका. मार्कांचं नाही, त्याचं. मनातलं ओळखायची शक्ती सैकीला जन्मतःच होती. आपल्याला ती नाही, म्हणून विचारावं लागतं.

तुमच्या गावात, शाळेत असलं शिबिर लागलं असेल तर खाली कमेंटमध्ये गाव लिहा. लेकरांची नावं आणि फोटो टाकू नका. पटलं तर शाळेच्या ग्रुपवर पाठवा.