वर्गणी नव्हे, खंड!

‘वर्गणी’ हा शब्द मराठी समाजाला परका नाही. सार्वजनिक उत्सवाची वर्गणी, गावातील वाचनालयाची वर्गणी, कामगार संघटनेची वर्गणी, साप्ताहिकाची वर्गणी या साऱ्यांच्या मुळाशी एकच साधे तत्त्व आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे, त्यातून सर्वांच्या उपयोगाचे काही उभे राहावे आणि देणाऱ्यास हिशेब विचारण्याचा अधिकार असावा. वर्गणीदार हा त्या उपक्रमाचा अंशतः धनीच असतो. साप्ताहिक उद्या बंद पडले तरी त्याच्या फडताळातील जुने अंक कोणी उचलून नेत नाही.

हाच प्रतिष्ठित शब्द गेल्या दहा वर्षांत इंटरनेटवरून चित्रपट, मालिका, संगीत आणि क्रिकेट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पदरात पाडून घेतला आहे. घरोघरी आज या कंपन्यांची मासिक वा वार्षिक ‘वर्गणी’ भरली जाते, आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: पैसे भरूनही जाहिराती पाहाव्या लागतात, पैसे भरूनही हवा तो चित्रपट सापडत नाही, काल होता तो आज नाहीसा झालेला असतो आणि सोडू म्हटले तर सुटकेचे दार सापडत नाही. ही तक्रार मध्यमवर्गीय चैनीची कुरकुर म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह पुष्कळ कार्यकर्त्यांना होतो. तो मोह चुकीचा आहे. ही कुरकुर ज्या अर्थव्यवस्थेतून उपजते, ती समाजवाद्यांना अनोळखी नाही. तिचे जुने नाव ‘खंड’ असे आहे.

प्रथम काय घडले ते पाहू. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ या सेवेने १७ जून २०२५ पासून भारतातील आपल्या पैसे भरणाऱ्या सभासदांना जाहिराती दाखविण्यास प्रारंभ केला. वार्षिक सभासदत्वाचे १,४९९ रुपये भरणाऱ्यास जर पूर्वीसारखेच जाहिरातीविना पाहावयाचे असेल, तर त्याने वर्षाला आणखी ६९९ रुपये अथवा महिन्याला १२९ रुपये भरावेत, असे सांगण्यात आले. येथे कोणतीही नवी सेवा दिली गेली नाही. जी वस्तू ग्राहकास आधीच मिळत होती, ती काढून घेऊन तीच त्याला पुन्हा विकण्यात आली. यूट्यूबची ‘प्रीमियम’ योजना तर याच तत्त्वावर उभी आहे. २०१९ साली ती भारतात आली तेव्हा तिचा मासिक दर १२९ रुपये होता, ऑगस्ट २०२४ मध्ये तो १४९ रुपये झाला. तिचे मुख्य आकर्षण जाहिरातींपासून सुटका हे आहे. आणि ज्या उपद्रवापासून सुटका विकली जाते, तो उपद्रव निर्माण करणारी कंपनीही तीच आहे. जाहिराती जितक्या असह्य, तितकी सुटका महाग. प्राचीन काळी रस्त्यावर असे शुल्क वसूल करणाऱ्यांना वाटमारे म्हणत. आज त्यांना नवप्रवर्तक म्हणतात.

नेटफ्लिक्सचे उदाहरणही बोधप्रद आहे. आपला परवलीचा शब्द आप्तेष्टांना देणे म्हणजे प्रेम, असा संदेश याच कंपनीने २०१७ साली जाहीरपणे प्रसृत केला होता. तेव्हा तिला सवय लावावयाची होती. सवय जडल्यानंतर २०२३ साली तिने अमेरिकेत मे महिन्यात आणि भारतात जुलै महिन्यात घराबाहेरील व्यक्तीस हा शब्द देण्यास बंदी घातली. सहा वर्षांत प्रेमाचा गुन्हा झाला! मधल्या काळात ग्राहकाची नीती बदलली नव्हती, कंपनीची गरज बदलली होती.

परंतु या साऱ्या व्यवहाराचे खरे स्वरूप क्रिकेटच्या कथेतून जितके उघड होते, तितके अन्य कशातूनही होत नाही. २०२२ साली इंडियन प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रसारणहक्क एकूण सुमारे ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातील इंटरनेटवरील हक्क रिलायन्सच्या छत्राखालील व्हायकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले आणि २०२३ चा संपूर्ण हंगाम जिओसिनेमावर फुकट दाखविला. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी डिस्नेच्या हॉटस्टारनेही विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखविला. बाजारपेठेच्या भक्तांनी टाळ्या पिटल्या: पाहा, स्पर्धेचा लाभ ग्राहकास कसा होतो! हा लाभ दोन वर्षेही टिकला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने काही अटींसह या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या विलीनीकरणास संमती दिली, नोव्हेंबरमध्ये ते पूर्ण झाले, आणि सुमारे ७०,३५२ कोटी रुपये मूल्याची, रिलायन्सच्या नियंत्रणाखालील संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही सेवांची जिओहॉटस्टार झाली, आणि त्या वर्षीच्या हंगामात प्रारंभीची काही मिनिटे सरली की प्रेक्षकापुढे पैशाची मागणी उभी राहू लागली. पैसे नकोत, तर जिओचे २९९ रुपयांचे वा त्याहून अधिक किमतीचे रिचार्ज करा, हा दुसरा मार्ग होता. रस्त्याचा मालक, रस्त्यावरील वाहनाचा मालक आणि रस्ता ज्या बाजारात जातो त्या बाजाराचा मालक एकच झाल्यावर प्रवाशाला निवड ती कसली? जाहिरातमुक्त म्हणून विकलेल्या सर्वांत महाग योजनेतही थेट सामन्यातील जाहिराती कायम होत्या, हे विशेष.

तोटा सोसून प्रतिस्पर्ध्यास दमवावयाचे, मग त्याच्याशी संगनमत वा विलीनीकरण करावयाचे आणि अखेरीस सारा तोटा ग्राहकाकडून वसूल करावयाचा, ही मक्तेदारीची रीत तेल आणि रेल्वेच्या काळापासून अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नमूद आहे. नवे आहे ते एवढेच की, येथे विलीनीकरण न होताही मक्तेदारी नांदू शकते. एकाच प्रकारचे धान्य विकणारी दहा दुकाने शेजारी शेजारी असतील, तर भाव उतरतो. पण एका दुकानात केवळ पीठ, दुसऱ्यात केवळ मीठ आणि तिसऱ्यात केवळ तेल अशी अनन्य हक्कांनी वाटणी झाली असेल, तर दुकाने वाढली म्हणून भाव उतरत नाही. गृहिणीला दहाही उंबरे झिजवावे लागतात. मार्च २०२३ अखेर एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या आणि काही आठवड्यांत जिओसिनेमावर पैसे घेऊन दाखल झाल्या. मालिका त्याच, प्रेक्षक तोच. मधला जकातनाका तेवढा हलला.

एकदा तयार झालेला चित्रपट आणखी एका माणसास दाखविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. मग किंमत कशाची? ती श्रमाची नाही, वस्तूचीही नाही. ती कुंपणाची आहे. जमिनीच्या निसर्गदत्त सुपीकतेवर बसून जमीनदार जो वाटा घेई, त्यास रिकार्डोने खंड म्हटले. हक्काच्या कागदावर बसून घेतला जाणारा हा वाटा त्याहून वेगळा नाही. आणि खंड आला की मागोमाग कूळही आले. कूळकायद्यापूर्वीच्या कुळाप्रमाणे आजच्या सभासदालाही कोणतेच स्थैर्य नाही. दर मालक ठरवील, अटी मालक बदलील, कोणता चित्रपट ठेवावा आणि कोणता काढावा हेही मालकच ठरवील. ‘विकत घेतले’ असे ज्यास म्हटले जाते, तेही कुळाचे नसते. २००९ साली ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. तो इशारा जगाने पुरेशा गांभीर्याने घेतला नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला की, डिजिटल वस्तूबाबत ‘खरेदी’ हा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याने आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. भांडवलशाहीच्या माहेरघरी हा कायदा करावा लागला, यातच सारे आले.

कूळ निघून जाऊ लागले, तर मालक त्यास सहजासहजी जाऊ देत नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ॲमेझॉनवर २०२३ साली खटला भरला तेव्हा उघड झाले की, प्राइमचे सभासदत्व रद्द करण्याच्या वळणावळणाच्या प्रक्रियेस कंपनीत ‘इलियड’ असे सांकेतिक नाव होते. होमरचे ते महाकाव्य दीर्घ युद्धाचे आहे. नाव ठेवणाऱ्याची साहित्याची जाण वादातीत म्हटली पाहिजे! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलर देऊन हा खटला मिटविला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत ‘वर्गणीचा सापळा’ हा प्रकार स्पष्ट नमूद आहे. कागद उत्तम आहे. परंतु तक्रारदार एकटा आणि प्रतिवादी अब्जाधीश असेल, तेथे कागद आपोआप चालत नाही.

हा खंड निदान कलावंतांच्या पदरात पडतो काय? २ मे २०२३ रोजी अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांच्या संघटनेने संप पुकारला. साडेअकरा हजार लेखक १४८ दिवस संपावर होते, आणि जुलैपासून नटनटीही त्यांत उतरले. जुन्या व्यवस्थेत मालिका पुन्हा दाखविली की लेखकास पुन्हा मोबदला मिळे. इंटरनेटवरील कंपन्यांनी हा हिस्सा नाममात्र करून टाकला आणि कोणती कृती किती लोकांनी पाहिली हेही दडवून ठेवले, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्रेक्षकाकडून अधिक घ्यावयाचे आणि निर्मात्या श्रमिकास कमी द्यावयाचे, ही कात्री दोन्ही बाजूंनी चालते. त्या लेखकांनी एकजुटीने काही पदरात पाडून घेतले. प्रेक्षक मात्र असंघटित आहे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ही चैन आहे. नको असेल त्याने घेऊ नये. महिन्याचे दीडशे रुपये म्हणजे चित्रपटगृहाच्या एका तिकिटाचेही पैसे नव्हेत. दीडशे रुपये एकदाच नसतात. चार-पाच नाक्यांवर ते भरावे लागतात, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर असतो आणि डेटाचे मूल्य निराळेच. शिवाय लोकांचा करमणुकीवर व खेळावर काही हक्क असतो, हे तत्त्व या देशाच्या संसदेने मान्य केलेले आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रसारण प्रसार भारतीस देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. पण त्या कायद्याची धाव दूरदर्शनच्या भूप्रसारणापुरती आणि मोफत डिशपुरती आहे; इंटरनेटच्या उंबरठ्यावर ती थांबते. गिरणी वा वखारीतील पाळी संपवून मोबाइलवर सामना पाहणाऱ्या कामगाराला या हक्काचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक माध्यम म्हणजे सरकारी माध्यम, आणि सरकारी माध्यम म्हणजे काय हे देशाने आणीबाणीत पाहिले आहे, असे म्हटले जाईल. हे खरे आहे आणि ते विसरता कामा नये. परंतु त्या अनुभवातून खासगी मक्तेदारीचा निष्कर्ष निघत नाही. वर्गीज समितीने १९७८ साली त्यावर स्वायत्त ‘आकाश भारती’चा उपाय सुचविला होता. १९९० चा प्रसार भारती कायदा सात वर्षे धूळ खात पडला आणि १९९७ साली अमलात आला तेव्हाही स्वायत्तता पातळच राहिली. दोष सार्वजनिकतेचा नव्हे, तिच्या अपुरेपणाचा आहे. सार्वजनिक मार्ग अशक्यही नाही. केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये आपल्या चित्रपट विकास महामंडळामार्फत ‘सीस्पेस’ हा मंच उभारला, आणि तेथे पाहिलेल्या चित्रपटापुरतेच पैसे घेण्याची पद्धत स्वीकारली. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ सुरू केले. या प्रयत्नांना त्रुटी आहेत. पण त्या दुरुस्त करण्याची मागणी मतदार करू शकतो. भागधारकांच्या सभेत कुळाला मत नसते.

तेव्हा चळवळीने चार मागण्या हाती घ्याव्यात. वर्षभराचे पैसे घेतल्यानंतर मुदतीच्या मध्येच सेवा निकृष्ट करण्यास कायद्याने बंदी असावी आणि अट बदलल्यास उर्वरित रक्कम परत मिळावी. सभासदत्व ज्या सहजतेने मिळते त्याच सहजतेने सोडता यावे, आणि २०२३ ची तत्त्वे मोडणाऱ्यास जबर दंड व्हावा. २००७ चा कायदा इंटरनेटला लागू करावा. आणि महाराष्ट्रापुरती चौथी मागणी: ज्या मराठी चित्रपटांना राज्य शासनाचे अनुदान मिळाले, ते ठरावीक मुदतीनंतर जनतेला विनामूल्य उपलब्ध व्हावेत. पैसा जनतेचा असताना कुंपण कंपनीचे का? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये राज्यात आहेत. पुस्तकाबरोबर चित्रपटही तेथे का मिळू नये? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून जपलेला ठेवा तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचविण्यास आता तंत्राची अडचण उरलेली नाही, इच्छेची आहे.

या कामाचा प्रारंभ कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतून करावा. ग्राहक पंचायतीबरोबर बसून सापळ्यात अडकलेल्यांच्या तक्रारी एकत्र नोंदवाव्यात, वाचनालयांच्या सभांत ठराव आणावेत, आमदार-खासदारांस जाब विचारावा. कुळांना १ एप्रिल १९५७ रोजी जमिनीवर हक्क मिळाला, तो त्यांनी अधिक दयाळू जमीनदार शोधला म्हणून नव्हे. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा कायद्यात उतरली म्हणून. आज घरोघरी चाललेला वाद कोणती योजना स्वस्त आणि कोणती महाग एवढ्यावरच थांबलेला आहे. खंड किती, एवढेच विचारणारे कूळ कायमचे कूळ राहते. कुंपण कोणाचे आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी ‘वर्गणी’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळू लागेल.