बक्षिसातली मुंबई



संक्रांत ते रथसप्तमी हा आपल्याकडे हळदीकुंकवाचा हंगाम. गेली काही वर्षं सातारा-सांगलीकडे या हंगामात गावोगाव ‘खेळ पैठणीचा’ होतो. 2004 साली झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, त्याचीच ही मंडपातली आवृत्ती. टीव्हीवर भावोजी घरी यायचे. इथे वहिनींनी मंडपात यायचं. मंडप पुढाऱ्याचा, आणि निवडणूक जवळ आली की तो मोठा होतो. उखाणे, संगीत खुर्ची, फुगे फोडणं, मग बक्षिसं: पैठणी, मिक्सर, फ्रिज, नथ.

वाळवा तालुक्यातल्या एका मैत्रिणीने यंदाचं एक पत्रक पाठवलं आहे. त्यात पहिलं बक्षीस वेगळंच आहे. विजेत्या वहिनींना सजोडे मुंबईत दोन दिवस, दोन रात्री. मुक्काम हॉटेलात नाही, तर ‘एका प्रतिष्ठित कुटुंबाचा घरगुती पाहुणचार’. समुद्र दिसणारा फ्लॅट, फिरायला एसी गाडी, एका रात्री मोठ्या हॉटेलात जेवण.

आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा निम्म्या जणी हसल्या. ‘बहिष्कार घालू या’ असंही कुणी म्हणालं. कोपऱ्यात बसलेली एक शेतमजूर बाई मात्र म्हणाली, “मुंबई ऱ्हाऊ दे बाजूला. दोन दिस कुनी आयतं ताट वाढून दिलं तर मी सतरा उखाणं घीन.”

मला आज तिच्या बाजूने लिहायचं आहे. बाया पैठणीच्या मंडपात का जातात, यावर आपल्या वर्तुळात नाक मुरडणं फार झालं. जाणीव नाही, चंगळवादाला भुलल्या, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची 88. मुलाबाळांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही. जवळजवळ पाच तास, आणि त्याला रविवार नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईला दोन दिवस आयतं ताट हवंसं वाटलं, तर त्यात जाणीव नसणं कुठे आलं? ती विश्रांती मागते आहे. तक्रार आहे ती एवढीच, की तिची विश्रांती चिठ्ठीत घालून शेकडो बायांतून एकीला वाटली जाते, आणि वाटणाऱ्याचा फोटो फ्लेक्सवर लागतो.

पत्रकात बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘फक्त सुवासिनींसाठी’. ज्या सांगली जिल्ह्यात 1980 च्या दशकात परित्यक्ता बायांनी एकत्र येऊन रेशनकार्ड आणि डोक्यावरचं छप्पर हक्क म्हणून मागितलं, तिथे हे छापलं जातं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. ठरावाचा कागद ग्रामपंचायतीत राहतो आणि मंडपाच्या दारात पुन्हा कपाळ पाहिलं जातं.

आणि ‘सजोडे’ का? बाई जिंकली, तर ती बहिणीला नेईल, शेजारणीला नेईल, एकटीही जाईल. जोडीने गेली म्हणजे तिथेही ‘अगं, माझा टॉवेल कुठंय’ आलंच. मागे घरी भाकऱ्या कोण थापणार, हे पत्रकात नाही. सासू, नाहीतर आठवीतली मुलगी, शाळा बुडवून.

मुंबई आपल्या भागातल्या बायांना नवी नाही, पण ती त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते बघा. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पावसाने पाठ फिरवलेल्या तालुक्यांतून पुरुष पिढ्यान् पिढ्या गिरणीत गेले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले. बाई गावी राहिली: रान, म्हातारी माणसं, गुरं आणि मनीऑर्डरची वाट. तिच्यासाठी मुंबई म्हणजे पोस्टमन. ज्या थोड्या बाया तिकडे गेल्या, त्यांतल्या कित्येकींनी खानावळी चालवल्या. गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या याच बायांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो लांबला, आणि हजारो कामगार गावी परतले. त्यांना आणि त्यांच्या पोरांना कुणी जेवू घातलं, याचा हिशेब कुठल्याच युनियनने मांडल्याचं मी वाचलेलं नाही. सगळ्या मुंबईला वाढणारी बाई या भागातली, आणि तिला तिथे पाहुणी म्हणून जायला लकी ड्रॉ लागतो!

आता त्या समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटकडे येऊ. विजेत्या वहिनींना सकाळी हातात चहा मिळेल. तो कोण करील? यजमानीण करील असं मला वाटत नाही. करील ती कामाला येणारी बाई. कदाचित माणचीच, कदाचित वहिनींच्या नात्यातली. पाहुणे आले म्हणून तिला त्या दोन दिवसांत सुटी नसेल. उलट भांडी दुप्पट. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कायदा झाला. त्याने कल्याण मंडळ दिलं. आठवड्याची सुटी मात्र मालकिणीच्या मर्जीवरच राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये 189 क्रमांकाचा करार केला, त्यात घरकामगाराला आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. एका बाईच्या बक्षिसाचं काम दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतं, ते असं.

याच्या शेजारी मला एसटीचं अर्धं तिकीट ठेवावंसं वाटतं. 17 मार्च 2023 पासून राज्यात बायांना एसटीत निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. त्याचं राजकारण मला कळतं. पण कंडक्टर कुंकू आहे का विचारत नाही, उखाणा घ्यायला लावत नाही, नवरा बरोबर आहे का बघत नाही. बाया देवाला, माहेरी, दवाखान्यात, आणि कधी कधी नुसत्याच फिरायला निघतात. गाडीत गर्दी होते म्हणून कुरकुरणारे पुरुष तुम्हीही ऐकले असतील.

बैठकीत शेवटी बहिष्कार ठरला नाही. त्या मंडळाला पत्र द्यायचं ठरलं. ‘सुवासिनी’ आणि ‘सजोडे’ हे दोन शब्द काढा. यजमानांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला ते दोन दिवस भरपगारी रजा द्या. स्वयंपाक यजमान पुरुषाने करावा, जमत नसेल तर बाहेरून मागवावा. पत्रावर एकवीस सह्या आहेत, त्यांत त्या सतरा उखाण्यांवालीचा अंगठाही आहे. तिने सोडतीचं कुपनही भरलं आहे, आणि आम्ही कुणी तिला अडवलेलं नाही.

तुमच्या तालुक्यात निघालेली अशी पत्रकं आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र छापू.