खतावणीतला नाद

कल्याणला कापडाचे दुकान असलेले माझे एक जुने खातेदार आहेत. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी त्यांनी मला ‘साहेब’ म्हणण्याचे सोडलेले नाही. गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी ते डोंबिवलीला माझ्याकडे आले आणि पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, “साहेब, मुलाने पंचेचाळीस हजारांचा एक डबा आणलाय. तोही कुणीतरी वापरलेला. गाण्याचा म्हणतो; पण त्याला ना पट्ट्या, ना तारा. रात्री बारापर्यंत त्यात आकडे भरतो आणि सकाळी दुकानात जांभया देतो. तुमचं तो ऐकतो. जरा समजवा.”

कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय जडली आहे. जागा पाहिल्याशिवाय अभिप्राय द्यायचा नाही. मी मुलाला एवढेच म्हटले, “तुझे यंत्र मला शिकव. मग मी मत देईन.” तेव्हापासून चार महिने, दर रविवारी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही दोघे त्यांच्या घराच्या गॅलरीत बसलो. आजचा हा लेख म्हणजे त्या पाहणीचा अहवाल समजावा.

या यंत्राला ट्रॅकर म्हणतात. पोलंडमधील पॉलीएंड या कंपनीने ते २०२० साली बाजारात आणले. मूळ कल्पना मात्र १९८७ सालची. कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा या घरगुती संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ नावाचा कार्यक्रम लिहिला. तेव्हापासून या पद्धतीत संगीत डावीकडून उजवीकडे न लिहिता वरून खाली लिहितात. पडद्यावर आठ उभे स्तंभ असतात. प्रत्येक ओळीत स्वर कोणता, वाद्य कोणते आणि त्यावर संस्कार कोणता, एवढीच नोंद होते. एक रेघ ओळीमागून ओळ खाली सरकते आणि ज्या ओळीवर येते, तेथील नोंद वाजते.

मला ते पाहताच हसू आले. ही तर आमची खतावणी! ज्याने रोजमेळ लिहिला आहे, त्याला हे यंत्र परके वाटू नये. ज्या ओळीत नोंद नाही, तेथे नवा नाद सुरू होत नाही. चुकीच्या ओळीत पडलेली नोंद ताल बिघडवते आणि ती कोठे पडली हे शोधण्यासाठी वरपासून पुन्हा तपासावे लागते. पहिल्या रविवारी माझा साधा चार मात्रांचा ठेकाही लंगडत होता. मुलगा संकोचून म्हणाला, “काका, तिसरी नोंद एक ओळ खाली गेली आहे.” आयुष्यभर मी कारकुनांना जे सांगत आलो, ते मला त्या दिवशी ऐकावे लागले.

परंतु नोंद करणे हा अर्धाच भाग झाला. ज्या नादाची नोंद करायची, तो नाद घडवणे हा दुसरा आणि अवघड भाग. यालाच ध्वनिरचना म्हणतात. आवाजाच्या साधारणपणे उठाव, उतार, टिकाव आणि विराम अशा चार अवस्था मानतात. पितळेच्या ताटावर चमचा मारला की उठाव क्षणात होतो आणि घुमणे बराच वेळ चालते. मुलाने तो आवाज यंत्रात घेतला आणि आघाताचा अगदी सुरुवातीचा तुकडा कापून टाकला. उरलेला आवाज ताटाचा आहे, हे मला ओळखताच आले नाही. कोणी दूरवर बासरीचा स्वर धरला आहे असे वाटले. पॅरिसमध्ये १९४८ च्या सुमारास पिएर शेफर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणावर हाच प्रयोग केला होता. वस्तूची ओळख बहुधा तिच्या आरंभात असते, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

पुढचा धडा हिशेबाचा होता. हे यंत्र एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापे ठेवते. त्यांतील १०० मापांचा तुकडा सतत फिरवत ठेवला, तर सेकंदाला ४४१ आवर्तने होतात आणि कर्कश आवाजातूनही स्थिर स्वर निघतो. आम्ही दुकानाच्या शटरची किंकाळी घेऊन हे करून पाहिले.

व्यापारी वाचकांना खास आवडेल अशी गोष्ट आणखी पुढे आहे. वरच्या षड्जाची कंपनसंख्या खालच्या षड्जाच्या दुप्पट असते आणि या दोहोंमध्ये पेटीवर बारा समान पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला कंपनसंख्या सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते, तीही चक्रवाढीने. म्हणजे बारा हप्त्यांत मुद्दल दुप्पट! बहात्तरला व्याजदराने भागा, मुद्दल दुप्पट होण्याची मुदत मिळते, हा आपला जुना आडाखा. बहात्तर भागिले सहा बरोबर बारा. मात्र या सोयीची किंमतही आहे. या समान पायऱ्यांवरचा गंधार षड्जाच्या सुमारे १.२६ पट येतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार १.२५ पट असतो. फरक लहान, पण तयार कानाला खुपणारा. यंत्रात तो हाताने दुरुस्त करता येतो, आणि त्यासाठी आधी तो ऐकू यावा लागतो. मला तो तिसऱ्या महिन्यात ऐकू आला.

या यंत्राची आणखी एक गोष्ट मला भावली. एका रचनेतील सर्व आवाज मिळून सुमारे १३३ सेकंदांतच बसवावे लागतात. इतके मर्यादित भांडवल असले की उधळपट्टी होत नाही. कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे मुलाला रोज ठरवावे लागते. संगणकावर अमर्याद आवाज उपलब्ध असताना त्याने हे यंत्र का घेतले, याचे उत्तर मला येथे मिळाले.

“हे आपल्या लोकांचं काम नव्हे,” असे शेठ म्हणाले होते. त्यांना मी अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाची आठवण दिली. गिरण्यांचे मालक असलेल्या या जैन घराण्यातील गीता साराभाई या विक्रम साराभाईंच्या भगिनी. त्या पखवाज शिकलेल्या होत्या आणि १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीत शिकवून त्याच्याकडून पाश्चात्य संगीताचे धडे घेतले. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, डेव्हिड ट्यूडर यांनी तेथील ध्वनिशाळा उभारून दिली आणि गीताबेनसह काही भारतीय संगीतकारांनी तेथे नाद घडवले. त्या ध्वनिफिती पुढे विस्मृतीत गेल्या. पॉल पर्गस यांच्या संशोधनामुळे त्या पुन्हा उजेडात आल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन यंत्रांच्या साहाय्याने दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर वाखाणली गेली. अठ्ठावीस वर्षांनी झालेली ही वसुली कोणत्याही बँकेला परवडणारी नव्हे, हे मी शेठना आधीच सांगून टाकले. खोटी आशा दाखवणे हेही एक प्रकारचे थकीत कर्जच असते.

येथे मला माझी एक नोंद दुरुस्त करायची आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात लग्नाच्या वाद्यवृंदात वाजवणारा एक तरुण कीबोर्डसाठी कर्ज मागायला आला होता. त्याचे हिशेब नीट होते, हंगामाचे उत्पन्न त्याने वहीत लिहून आणले होते. मी ती वही उघडलीही नाही. ‘वाद्य हे उत्पादक साधन नव्हे,’ असा शेरा मारून अर्ज परत केला. नियमाने मला तसे करण्यास भाग पाडले नव्हते. केवळ माझ्या समजुतीने पाडले. त्याचे पुढे काय झाले, हे मला कधी कळले नाही. या चार महिन्यांत तो मला अनेकदा आठवला.

मार्च महिन्यात ठाण्याच्या एका हौशी नाट्यमंडळाने मुलाकडे एकांकिकेसाठी पावसाचा आवाज मागितला. त्याने आईकडून तांदूळ आणि सूप घेतले, तांदूळ हळूहळू ओतून आवाज घेतला, खाली उतरवला, लांबवला आणि पत्र्यावरची सर उभी केली. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले. मानधन तीन हजार रुपये मिळाले. रक्कम लहान, पण ती त्याने खर्चासह वहीत लिहिली होती आणि या वेळी मी वही उघडून पाहिली.

अखेरच्या रविवारी त्याने वडिलांना स्वतःची रचना ऐकवली. तीत कापड टर्रकन फाटण्याचा ताल होता, मीटरपट्टीची टिकटिक होती आणि शटरातून घडवलेला तो लांब स्वर होता. शेठ डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शटरला तेल घालायला हवं.” मुलगा हसला, पाठोपाठ शेठही हसले.

माझा अभिप्राय मी लेखी दिला. दुकानाची वेळ सांभाळावी. यंत्र रात्री साडेदहानंतर बंद. जमाखर्चाची वही ठेवावी. एक वर्षाने फेरतपासणी. शेठनी कागद दोनदा वाचून सही केली आणि विचारले, “साहेब, जामीन कोण?”

मी माझे नाव लिहिले.