सुरतेत शब्द कळतात, बोलण्याची रीत कळायला वेळ लागतो

सुरत : मीरा रोडला ‘मराठी बोला’ यावरून २०२५ च्या जुलैत वाद पेटला, तेव्हा आपल्या सीमेपलीकडे सुरतेत चित्र बरोबर उलटं होतं. इथे बाहेरून आलेला आहे मराठी माणूस, आणि शेठ, घरमालक, दुकानदार बहुतेक गुजराती. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावची कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. सुरत-भुसावळ रेल्वे लाइनने हा रस्ता शंभर वर्षांपूर्वीच मोकळा केला होता. भाषेवरून डोकी फुटल्याची बातमी इथून येत नाही. पण याचा अर्थ सगळ्यांना सगळ्यांचं कळतं असा नाही.

खानदेशी माणसाला गुजराती लवकर येते. अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. अहिराणीत ‘मामाना गाव’, गुजरातीत ‘मामानुं गाम’. ग्रियर्सनने १९०७ च्या भाषा सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत बसवलं होतं. जनगणनेतही ती मराठीपासून वेगळी मोजली जाते. २०११ मध्ये ती मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांवर होते. त्यामुळे शिरपूरचा पोरगा सुरतेत उतरला की थोड्याच दिवसांत बाजारापुरतं बोलायला लागतो. ओडिशाहून लूमवर आलेल्या कामगाराचं तसं नाही. त्याला भाषा येत नाही हे समोरच्याला दिसतं, म्हणून त्याला दोनदा सांगतात. खानदेशी माणसाला ‘समजलं असेल’ असं धरून चालतात.

फसगत इथेच होते. ‘सांभळो’ म्हणजे सांभाळा नाही, ऐका. हा शब्द पहिल्या आठवड्यात कळतो, त्यावर हसूही होतं. आपल्याकडे निघताना पाहुणा ‘येतो’ म्हणतो, गुजरातीत निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात. ‘जातो’, ‘जा’ दोघंही टाळतात. आपण दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. गुजराती व्यापारीही दुकान ‘वधावतो’. इतकं जुळतं म्हटल्यावर बाकीचंही जुळत असेल, असं वाटणं साहजिक आहे.

पण हाक मारण्यातच फरक पडतो. गुजरातीत नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लागलं की मान दिला गेला, मग तो मिलचा मालक असो की रिक्षावाला. (मुंबईत ‘भाई’ म्हटलं की वेगळंच काही डोळ्यांसमोर येतं, तो भाग निराळा.) खानदेशात माणूस नाना, आबा, आप्पा, जिभाऊ असतो, नाहीतर आडनावापुढे साहेब. वय, नातं, दर्जा सगळं हाकेतच येतं. गावाहून आलेला नवा मुलगा हमालाला मालकाशी ‘रमेशभाई’ म्हणून बोलताना ऐकतो आणि समजतो, इथे लहान-मोठं काही नाही. मग एक दिवस जास्त मोकळं बोलतो आणि कामावरून जातो. ‘भाई’ने दर्जा जात नाही, तो फक्त ऐकू येत नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र ‘बेन’ सोयीचं पडलेलं दिसतं. वहिनी, काकू म्हटलं की बाईचं घर आणि वय आधी मोजलं जातं. ‘बेन’मध्ये ते नाही. लिंबायतमधून २०१२ पासून निवडून येणाऱ्या आमदार पाटील आडनावाच्या, पण सुरतेत त्या ‘संगीताबेन’. धुळ्यात असत्या तर ‘संगीताताई’ झाल्या असत्या.

त्यात पुन्हा ‘गुजराती’ म्हणजे एकच नाही. जुना सुरती माणूस दोस्तीत ‘तू’ म्हणतो, वर शिवीही घालतो, आणि त्याला ती शिवी वाटत नाही. वराछाच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत सौराष्ट्रातून आलेला काठियावाडी ‘तमे’ म्हणून मान देतो. एकाकडे शिकलेली रीत दुसऱ्याकडे नेली की भांडण ठरलेलं.

खरी अडचण पैशाच्या बोलण्यात येते. दिवाळीआधी उचल मागितली की शेठ ‘जोईशुं’ म्हणतो. आपलं ‘बघू’ही असंच असतं, पण ‘बघू’ कोणत्या सुरात आलं की नकार समजायचा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ‘जोईशुं’चा सूर माहीत नसतो. कामगार त्यावर विसंबून गावाकडे पैसे कबूल करून बसतो. उलट त्याने ‘देणार का नाही, तेवढं सांगा’ म्हटलं, तर शेठला ते उद्धट वाटतं. व्यापारात तोंडावर नाही म्हणायचं नसतं, आणि म्हणायला लावायचंही नसतं.

सरकारं भाषेकडे बघतात ती शाळेच्या वेळापत्रकातून. महाराष्ट्राने २०२० मध्ये शाळांत मराठी सक्तीची केली, गुजरातने २०२३ मध्ये पहिली ते आठवी गुजराती. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांच्या शाळाही चालवते, आणि ही गोष्ट मोठ्या मनाची आहे. मराठी शाळेतलं पोर गुजराती वाचायला शिकतं, हेही चांगलंच. पण ‘जोईशुं’चा सूर पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

आणि घरात गुजराती लिहिता-वाचता येणारं तेच एकटं असेल, तर बँकेत, दवाखान्यात, कधी शेठकडेही बाप त्यालाच पुढे करतो. दहा-बारा वर्षांचं पोर मोठ्या माणसासमोर बापाचा राग जसाच्या तसा कसा सांगणार? ते ‘पप्पा पैसानुं पूछे छे’ एवढंच म्हणतं. शेठ ‘जोईशुं’ म्हणतो, पोर मान हलवतं. शेठला वाटतं, कामगाराची तक्रार नाही. बाप दाराशी उभा राहून विचारतो, “काय म्हणाले?” पोर म्हणतं, “बघू म्हणाले.”