चार विषयांची मोळी

दहावीचा निकाल हातीं पडल्यापासून अकरावीचा प्रवेशअर्ज भरीपर्यंतचे दिवस फार थोडे असतात, आणि त्या थोड्या दिवसांत विद्यार्थ्याच्या पुढील दोन वर्षांचा, किंबहुना त्याहूनही पुढच्या काळाचा निर्णय होऊन जातो. नवल असें कीं, बैलजोडी घ्यावयाची झाली तर जो शेतकरी चार बाजार पालथे घालतो, दांत पाहतो, औतास जुंपून पाहतो, तोच आपल्या मुलाच्या विषयांचा निर्णय संगणक-केंद्राच्या दारांत उभा राहून, शेजारच्या मुलानें काय भरलें हें विचारून करतो. यंदा आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं जे विज्ञानशाखेकडे जाणार, त्यांच्यासाठीं व त्यांच्या पालकांसाठीं या एका प्रश्नावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

प्रश्न वरवर पाहतां लहानसा आहे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे दोन विषय विज्ञानशाखेचा बहुतेक विद्यार्थी घेतोच. त्यांच्या जोडीस गणित घ्यावें, जीवशास्त्र घ्यावें, कीं दोन्ही घ्यावीं? इंग्रजी आद्याक्षरांवरून या तीन वाटांस पीसीएम, पीसीबी व पीसीएमबी अशीं नांवें पडलीं आहेत, आणि माजलगांवच्या चहाच्या टपरीवरही तीं आतां कोणास समजावून सांगावीं लागत नाहींत. यांपैकीं तिसरी, म्हणजे चारही विषयांची वाट, पुष्कळांस सर्वांत सुरक्षित वाटते. या पसंतीचें कारण विद्येची आवड हें असतें तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु आमच्या अनुभवास येतें तें कारण भीति हें आहे. एक दार बंद झालें तर दुसरें उघडें असावें, एवढाच तो विचार असतो.

गेल्या जून महिन्यांत एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आम्हांकडे आले. गुणपत्रिका चांगली होती. गृहस्थ म्हणाले, "सर, चारी विषय घेऊन टाकूं. डॉक्टरकीला नाहीं लागला नंबर, तर इंजिनिअरिंग कुठें गेलंय?" मुलगी खालीं मान घालून बसली होती. आम्हीं तिला विचारलें तेव्हां ती प्रथम वडिलांकडे पाहूं लागली, आणि मग म्हणाली, "जीवशास्त्र मी न सांगतां वाचतें. गणित मी रडत करतें." वडिलांस हें ठाऊक नव्हतें. तिनें गणितांत गुण बरे मिळविले होते, आणि गुण बरे असले म्हणजे घरांत पुढें कोणी विचारीत नाहीं.

आम्हीं त्या दोघांसमोर एक कोरा कागद ठेवला आणि मुलीस तिच्या येणाऱ्या दिवसाचे तास लिहावयास सांगितलें. गांव वीस किलोमीटरांवर. झोपेस सात तास, महाविद्यालय व तेथील प्रयोगशाळा मिळून सहा, एस. टी.नें जाणें-येणें व स्थानकावर ताटकळणें यांस दोन. वडिलांनीं आधींच ठरवून ठेवलेल्या शिकवणीस तीन. स्नान, भोजन आणि आईस हातभार यांस तीन. एकवीस झाले. राहिले तीन. विषय सहा. प्रत्येकाच्या वांट्यास अर्धा तास आला, आणि तोही वीज असेल तर! गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. आपल्या सिंदफणेवरील धरणांत पाणी किती आहे हें पाहिल्यावांचून कालव्याचें आवर्तन कोणी ठरवीत नाहीं. मुलाच्या दिवसांत तास किती आहेत हें मात्र विषय ठरवितांना कोणी मोजीत नाहीं. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करण्याचा दृष्टांत या शाळेंतील प्रत्येक मुलानें सकाळच्या उपासनेंत ऐकलेला आहे. तो प्रवेशअर्जासही लागू पडतो हें बहुधा ध्यानांत येत नसावें.

आतां कांहीं वस्तुस्थिति. २०२५ सालच्या व्यवस्थेप्रमाणें राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेस सहा विषय व सहाशें गुण आहेत. इंग्रजी अनिवार्य, दुसरी एक भाषा किंवा तिच्या जागीं माहिती तंत्रज्ञान, आणि चार वैकल्पिक विषय. म्हणजे गणित सोडलें म्हणून विषयांची संख्या कमी होत नाहीं. त्याच्या जागीं भूगोलासारखा एखादा विषय येतो. संख्या तीच, वजन निराळें. आणि वजनाची जातही निराळी. जीवशास्त्र हें पुन्हां पुन्हां वाचण्याचें, आकृत्या काढण्याचें, नांवें मुरविण्याचें काम आहे. तें तुकड्यातुकड्यांनीं होऊं शकतें. गणितास अखंड तास लागतो. मध्यें उठलें कीं सूत्र तुटलें. त्याशिवाय भौतिक, रसायन व जीवशास्त्र या तिन्हींस प्रत्येकीं तीस गुणांचे प्रयोग असून त्यांच्या प्रयोगवह्या वर्षभर लिहाव्या लागतात, ही गोष्ट हिशेबांतून नेहमींच निसटते.

प्रवेशपरीक्षांचें पाहूं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत २०२५ सालीं १८० प्रश्न होते. पैकीं ९० जीवशास्त्राचे व प्रत्येकीं ४५ भौतिक आणि रसायन यांचे. गणिताचा एकही नव्हता. जेईई मेनमध्यें अभियांत्रिकीच्या पत्रिकेंत जीवशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. राज्याची सीईटी गणित-गटाची वेगळी व जीवशास्त्र-गटाची वेगळी. तिचा सुमारें वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, तेव्हां अकरावी हें विश्रांतीचें वर्ष होय ही समजूत ज्यांनीं पसरविली त्यांनीं मुलांचें मोठें नुकसान केलें आहे. म्हणजे चारही विषय घेणारा विद्यार्थी जी कोणती परीक्षा देईल, तिच्यापुरता त्याच्या एका अवजड विषयाचा वेळ परक्या शेतांत सोडलेल्या पाण्यासारखा असतो. दोन्ही परीक्षा देणारास दोन शेतें भिजवावयाचीं असतात, आणि पाणी एकाचें.

बंद दाराची जी भीति, तीही वाटते तितकी खरी नाहीं. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस भौतिक व रसायन यांबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकीं एक पुरतें. कृषिपदवीचा मार्ग दोन्ही गटांस मोकळा आहे. माजलगांवासारख्या ऊस आणि कापसाच्या तालुक्यांत ही गोष्ट मुलांस कोणी सांगत नाहीं याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नोव्हेंबर २०२३ मध्यें असेंही जाहीर केलें कीं, बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणारासही नीट परीक्षेस बसतां येईल. सीईटीमार्गें अभियांत्रिकीस जाणारास मात्र गणित हवेंच. तेव्हां ज्यास यंत्रांची ओढ आहे त्यानें केवळ भयानें गणित टाकूं नये. गणिताच्या जागीं सोपा विषय घेऊन बारावीस भरघोस गुण मिळविलेला, आणि नंतर अभियांत्रिकीच्या दारावरून परत फिरलेला एक विद्यार्थी आम्हांस ठाऊक आहे. त्यानें अधिक भार उचलला असता तर तो त्यास पेलला असता. त्याची चूक भाराची नव्हती, भितरेपणाची होती. आणि त्या वेळीं त्यास पुढें ढकलण्याचें धैर्य आम्हीं शिक्षकांनीं दाखविलें नाहीं.

एवढ्यावरून गणित सोडणारांनीं निर्धास्त व्हावें असेंही नाहीं. अकरावीच्या भौतिकशास्त्रांत सदिश येतात, अवकलन येतें, आणि जीवशास्त्र-गटाचा विद्यार्थी नेमका तेथें अडखळतो. त्यानें सुटीच्या दिवसांत त्रिकोणमिति व बीजगणित यांची उजळणी करून ठेवावी. विषय सोडला तरी त्याचें काम सुटत नाहीं.

श्रीनिवास रामानुजन् यांची गोष्ट या प्रसंगीं आठवते. १९०४ सालीं कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयांत त्यांना शिष्यवृत्ति मिळाली. पण गणितापुढें त्यांना दुसरें कांहीं दिसेना, इतर विषय मागें पडले व शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासेस पच्चैयप्पा महाविद्यालयांतून ते पुन्हां परीक्षेच्या तयारीस लागले. तेथें अभ्यासक्रमांत शरीरशास्त्र होतें. जगास थक्क करणारा तो गणिती शरीरशास्त्राच्या पेपरांत सपशेल आपटला आणि परीक्षेंत नापास झाला. या गोष्टीचा अर्थ पालक बहुधा दोन तऱ्हांनीं लावतात: कोणी म्हणतात, पाहा, एका विषयाच्या नादीं लागूं नये, कोणी म्हणतात, पाहा, नावडता विषय लादूं नये. आमच्या मतें दोन्ही अर्थ खरे आहेत, व त्यांतच अडचण आहे. आपला मुलगा रामानुजन् नाहीं हें गृहीत धरून चालणें शहाणपणाचें. पण रामानुजनांसारखें मनही जेथें दोन्ही ओझीं एकदम उचलूं शकलें नाहीं, तेथें सतरा वर्षांच्या सामान्य मुलानें तीं हंसत उचलावीं अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. भार म्हणजे काय हें त्यांच्याइतकें आम्हांस कळत नाहीं. मोळी बांधणारा ती दुसऱ्याच्या डोक्याकडे पाहून बांधीत नाहीं. ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढावयाचें असतें; फार मोठी झाली तर मान जाते, फार लहान केली तर खेपा वाढतात आणि दिवस मावळतो. आपल्या मानेस थोडा ताण पडेल, पण फळीवर पाय डगमगणार नाहीं, एवढी मोळी तो अंगच्या अनुभवानें बांधतो. हाच माणूस मुलाच्या विषयांच्या वेळीं मात्र "सगळे घेतात म्हणून" म्हणतो! आणि ज्या मुलाचे आईबाप सहा महिने घरीं नसतात, जो आजीपाशीं राहून धाकट्या भावंडांस जेवूं घालून महाविद्यालयांत येतो, त्याच्या डोक्यावर पांचवा विषय आधींच आहे. तो गुणपत्रिकेंत छापला जात नाहीं इतकेंच.

तेव्हां आमचें मत असें. दहावीस गणित व विज्ञान हे दोन्ही विषय ज्यानें शिकवणीवांचून, आपण होऊन केले. दोहोंचीही ज्यास खरोखर गोडी आहे. ज्याचा दिवस प्रवासांत जात नाहीं. त्यानें चारही विषय अवश्य घ्यावे. असे विद्यार्थी दरवर्षीं थोडे तरी निघतात, व त्यांस अडविणें हा दोष होईल. बाकीच्यांनीं आपल्या सवयीपेक्षां एक विषय जड असा घ्यावा, दोन नव्हे. आणि तो एक कोणता, हें ज्यास तो वाहावयाचा आहे त्याच्या तोंडून निघूं द्यावें.

या शेवटच्या गोष्टीचा आम्ही आग्रह धरतों त्यास कारण आहे. निवड करतां येणें ही स्वस्त वस्तु नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि सरकारी हायस्कुलांतील शिक्षण उर्दूंतून चालत असे. मराठी घरांतल्या मुलास भाषेची निवड नव्हती. त्याच्याही आधीं, मुंबईस शिकत असतां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत घ्यावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांना नाकारला गेला, फारशी घ्यावी लागली, आणि ती घेऊनच ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले. संस्कृत ते पुढें आपल्या प्रयत्नानें शिकले. जी निवड त्यांना मिळाली नाहीं ती आज आपल्या मुलांच्या हातीं आहे, आणि आपण ती संगणक-केंद्रावरील अनोळखी मुलास म्हणतों, "टाक बाबा, सगळ्यांनीं टाकलें तेंच टाक."

आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. निकाल लागला कीं चौकांत फलक झळकतात, त्यांवर छायाचित्रें व टक्के असतात. आणि ज्याचें छायाचित्र लागलें त्यास "आतां तूं चारही घे" असें सांगणारांत आमचाही आवाज असतो. ज्यांची छायाचित्रें लागलीं नाहींत त्यांस आम्ही कांहीं सांगतच नाहीं.

त्या मुलीनें जीवशास्त्र घेतलें व गणिताच्या जागीं भूगोल. वडिलांनीं शिकवणीचा एक तास कमी केला. तिला यश येईल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मध्यंतरीं ती भेटली तेव्हां भौतिकशास्त्र जड जात असल्याची तक्रार करीत होती, पण रडत नव्हती.

यंदा निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही कांहीं शिक्षक दररोज सकाळीं शाळेंत बसणार आहों. पालकांनीं मुलांस घेऊन यावें. येतांना गुणपत्रिकेबरोबर तासांच्या हिशेबाचा कागदही आणावा; मात्र तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अक्षरांत असावा.