मांडवाची जावक

आप्तांतील एक लग्न लागून वऱ्हाड आपापल्या गावी परतल्यावर, विसरलेली पितळी समई आणण्यासाठी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास निगडीतील त्या मंगल कार्यालयात पुन्हा जावे लागले, आणि आदल्या सायंकाळी जेथे आम्ही सर्व आप्तेष्ट कृतार्थ मुद्रेने उभे होतो त्या व्यासपीठाच्या मागील मोकळ्या जागेत मी जे पाहिले, ते त्या सायंकाळच्या साऱ्या वैभवाहून अधिक काळ माझ्या मनात घर करून राहिले आहे. छातीइतक्या उंचीचा ढीग होता. त्यात वधूवरांच्या नावांची थर्मोकोलची अक्षरे होती, पाण्याने फुगलेल्या हिरव्या स्पंजाच्या विटा होत्या, कापडी म्हणून आणलेली पण वस्तुतः प्लास्टिकची असलेली गुलाबाची फुले होती, आणि या सर्वांच्या खाली चिरडलेला, अजून ओला असलेला झेंडू होता. पन्नाशीच्या एक बाई ढिगाशी उकिडव्या बसून झेंडूच्या माळा निराळ्या काढीत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी तळहात उघडून दाखविला. त्यावर स्टेपलरच्या पंधरा-वीस पिना होत्या. "घरी दोन शेळ्या आहेत, दादा," त्या म्हणाल्या, "त्यांच्यापुढं टाकला असता. पण अशी एक पोटात गेली की जनावर जायचं." फुले फळीला घट्ट बसावीत म्हणून प्रत्येक वीतभर अंतरावर पिन मारलेली होती; बाईंनी आणखी काही वेळ नखाने पिना उचकटल्या आणि मग माळा परत ढिगावर ठेवून त्या उठल्या.

निगडी परिसरातील औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या भांडारविभागात माझे सारे आयुष्य गेले. तेथे आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असत, आणि मला कामाला लावणाऱ्या वडीलधाऱ्या भांडारपालांचा असा शिरस्ता होता की, ज्या मालाची जावक कोठे लागणार हे सांगता येत नाही, त्याची आवक करून घेण्यापूर्वी खात्याला लेखी विचारणा करावी. थर्मोकोल मला तेथूनच परिचित. यंत्राच्या नाजूक भागांभोवती येणारे ते पांढरे साचे बहुतांशी हवेचेच बनलेले असल्यामुळे वजनाने नगण्य आणि जागेने अवाढव्य असत. भंगारवाला त्यांना हात लावीत नसे, पावसात ते विरघळत नसत, आणि फुटले की त्यांचे दाणे आवारभर पसरून गटारात जात. ज्या वस्तूची विल्हेवाट कारखान्याला लावता येत नाही, ती आपण हौसेने, पैसे मोजून, घरच्या मंगलकार्यात आणतो, हा विचार मला त्या सकाळी प्रथमच सुचला, आणि तो इतक्या उशिरा सुचावा याचे मला दुःख झाले.

यंदा वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न त्याच कार्यालयात करण्याचे ठरले, तेव्हा तयारीची वही मी मागून घेतली आणि प्रत्येक पानावर उजव्या बाजूस एक रकाना आखला: जावक. सजावटीची जी जी वस्तू मांडवात येईल, ती दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जाणार, हे त्या रकान्यात लिहिता आले तरच ती आणावयाची. पुतणीने ही अट आनंदाने मान्य केली; तिच्या आईला मात्र प्रारंभी वाटले की, भावजींना हात आखडता घ्यावयाचा आहे.

वास्तविक ही अट नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते आजही वाचण्यासारखे आहे. त्या व्यवस्थेतील उच्चनीचतेचे आणि पिळवणुकीचे समर्थन कोणी करू नये, मीही करीत नाही. परंतु लग्नघरी येणाऱ्या वस्तूंपुरते बोलावयाचे तर आंब्या-उंबराचे मांडवडहाळे, कुंभाराची मडकी, गुरवाने दिलेल्या पळसाच्या पत्रावळी, मातीचे बोहले, यांपैकी एकही वस्तू अशी नव्हती की जी गुराच्या मुखी, उकिरड्याच्या खतात, चुलीच्या जाळात किंवा परत मातीत गेली नाही. त्या काळच्या माणसांना आपण काही विशेष करीत आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. जावक वस्तूच्या अंगीच होती.

खरी अडचण आली ती हिरव्या स्पंजाची. सजावटकार सज्जन आणि आपल्या कामात निष्णात; पण तो म्हणाला, "काका, फोम नसेल तर फूल उभं राहणार कसं?" हा फोम अमेरिकेत १९५४ च्या सुमारास पुष्परचनेसाठी निघाला. तो फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनवितात. पाणी धरून ठेवतो, देठाला आधार देतो, आणि कार्य आटोपल्यावर चुरा होऊन मातीत मिसळल्यासारखा दिसतो, परंतु मिसळत नाही. प्लास्टिकचे सूक्ष्म कण होऊन तो तेथेच राहतो. उत्तर सुचले ते माझ्या आईच्या आठवणीतून. मंगळागौरीला आमच्याकडे केळीच्या सोपटांचे मखर करीत असत. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की तो खुंट तोडावाच लागतो, आणि बागाईतदाराला तो शेतातून हलविण्याचाच खर्च असतो. हा खुंट म्हणजे पाण्याने गच्च भरलेल्या सोपटांचा एकावर एक गुंडाळलेला थर. त्याचे हातभर तुकडे करून आडवे ठेवले, बांबूच्या काडीने भोक पाडून देठ आत सरकविला, की फूल ताठ उभे राहते आणि भर वैशाखातही दिवसभर कोमेजत नाही. मी घराच्या गच्चीवर सजावटकारासमोर गुलछडीच्या सहा दांड्या अशा रोवून ठेवल्या. सायंकाळी तो परत आला, एक दांडी उपसून देठाचे टोक त्याने बोटांनी दाबून पाहिले, ओले होते, आणि काही न बोलता त्याने वहीत 'खुंट – ४०' असे लिहिले.

फुलांच्या बाबतीत मी वहिनींना स्पष्ट सांगितले की, येथे मुळीच काटकसर करावयाची नाही. निगडीपासून घटकाभराच्या अंतरावर तळेगाव आणि पवन मावळात हरितगृहांतून गुलाब पिकतो, तो फेब्रुवारीत परदेशी जातो. पुरंदरात शेवंती आणि अ‍ॅस्टर होते. आणि हे सारे शेतकरी गेली कित्येक वर्षे आक्रोश करीत आहेत की, प्लास्टिकच्या फुलांनी आमचा भाव पाडला. प्लास्टिकचा गुलाब पुन्हापुन्हा वापरता येतो हे सजावटकाराचे म्हणणे खोटे नाही, परंतु चार-पाच कार्यांनंतर त्याच्यावर धूळ बसते, रंग उडतो, आणि मग त्याचा शेवट त्याच ढिगात होतो. मोगऱ्यावर खर्च केलेला पैसा मात्र खुरपणी करणाऱ्या आणि पहाटे फुले तोडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो. आम्ही ऋतूचा मोगरा, गुलछडी आणि झेंडू घेतला, माळांखेरीज बाकीची फुले सुटी, वजनावर घेतली, आणि शेवंतीचा हट्ट सोडला, कारण ती थंडीची. झेंडू आणि गुलछडी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील, हे सांगितल्यावर पुतणीला मोठे नवल वाटले. परके-आपले हा येथे प्रश्नच नाही.

फुलांचा विषय निघाला म्हणून एका थोर घराण्याचे स्मरण येथे करावेसे वाटते. जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. राजवाड्यातील समारंभासाठी गजरे, हार आणि फुलांचे गालिचे करणाऱ्या कुळात जन्मलेल्या या पुरुषाने २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावून दिला, तो पानसुपारीच्या खर्चात. त्यांचा रोख पुरोहिताच्या मध्यस्थीवर आणि कर्जाच्या ओझ्यावर होता, कचऱ्यावर नव्हता, हे मी जाणतो. पण विवाह म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना दिलेले वचन, आणि बाकीचे सारे त्याभोवतीचे, हा निवाडा त्यांनी आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीच्या काळात राज्य सरकारचा हुकूम होता की लग्न दोन तासांत, २५ माणसांत उरकावे; त्या दिवसांत लागलेली लग्नेही लग्नेच आहेत, आणि माझ्या एका भाच्याचे लग्न त्यांपैकीच एक आहे.

कायद्याचे साह्य आपल्याला नाही असेही नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटल्या आणि सजावटीच्या वस्तूंवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही तशीच बंदी लागू झाली, तरी ती अक्षरे मला त्या ढिगात दिसली. घनकचऱ्याच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा समारंभ करावयाचा असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळविले पाहिजे आणि कचरा जागच्या जागी वेगळा केला पाहिजे. आमची हळद सोसायटीच्या पटांगणात होती, म्हणून मी तसा अर्ज लिहून पोच घेतली. मोशीला आमच्या शहराच्या कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला आहे, तेव्हा सारे तेथे जाईल अशी अनेकांची समजूत असते. परंतु ओली फुले आणि उष्टे अन्न सुक्या कचऱ्यात कालविले तर जळण्याजोगा भागही भिजून वाया जातो, आणि कुजण्याजोगा भाग खताच्या कामाचा राहत नाही.

अक्षतांवरून घरात थोडा वाद झाला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात ज्या इंद्रायणी तांदळाचे वाण सिद्ध झाले तो तांदूळ आमच्या दाराशी पिकतो, आणि कुंकू लावून पायदळी तुडविला जातो, हे मला सहन होत नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीने विचारले, "अक्षतांवाचून आशीर्वाद कशाचा?" तिचा आग्रह मला अनादरणीय वाटला नाही. अखेर घरच्या वडीलधाऱ्यांनी चिमूटभर अक्षता टाकाव्यात आणि इतरांनी झेंडूच्या पाकळ्या, अशी तोड निघाली. पंगत वहिनींच्या इच्छेप्रमाणे बसूनच झाली, ताटे आणि पेले स्टीलचे, भाड्याचे. व्याही चाकणकडचे, त्यांनी वाढप्यांना स्वतः सांगितले की मागेल त्यालाच वाढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तेथे होतो, आणि त्या बाईही होत्या. त्यांनी केळीचे खुंट प्रथम उचलले. शेजारच्या गोठेवाल्याने टेम्पो पाठविला होता. अक्षरे आम्ही पुठ्ठ्याची केली होती, ती रद्दीत गेली. झेंडूच्या माळा मात्र हातात घेताच माझ्या लक्षात आले की, सुतळीत ओवण्याचे कबूल करूनही फुलवाल्याने त्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवल्या होत्या. पिना नव्हत्या, पण दोरा शेळीच्या पोटात तितकाच घातक. आम्ही दोघे फरशीवर बसलो. बाई माळेचे एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून, हाताने फुले एका झटक्यात खाली ओढीत. मला ते साधण्यास अर्धा तास लागला. नऊ वाजेपर्यंत चार पोती फुले मोकळी झाली. दोन त्यांनी शेळ्यांसाठी नेली, दोन सोसायटीच्या खतखड्ड्यात गेली.

दोरा मी काट्यावर घातला. वहीत नोंद आहे: नायलॉन दोरा, ३४० ग्रॅम. त्यापुढील जावकेचा रकाना अद्याप कोरा आहे.