एका बाटलीचा हिशेब

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक आवाहन फिरते. बाळाला ‘एसएमए’ आहे, औषधाला कोट्यवधी रुपये हवेत. आपण हळहळतो, शंभर-पाचशे पाठवतो. बँकेत उभी हयात घालवलेला मी त्या आकड्यापाशी अडतो.

आधी आजार. जनुक म्हणजे स्ट्राँगरूममधले मूळ लेजर. ते बाहेर येत नाही. त्यातल्या नोंदीची नक्कल उतरून काउंटरवर येते ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठीबरहुकूम पेशी प्रथिन बनवते. या बाळांचे एसएमएन-1 हे जनुक निकामी असते. निसर्गाने एसएमएन-2 ही जवळपास तशीच दुसरी प्रत दिली आहे खरी, पण एका अक्षराच्या फरकामुळे तिची चिठ्ठी जोडताना सातवा तुकडा बहुतेकदा गळतो. प्रथिन अपुरे पडते, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही. तीव्र प्रकारात पुढे श्वासही थकतो.

शास्त्रज्ञांनी काय केले, तर लेजरला हात न लावता चिठ्ठीच दुरुस्त केली. ‘न्युसिनर्सन’ हा मुद्दाम घडवलेला, आरएनएच्याच भाषेतला छोटा रेणू त्या तुकड्याशेजारी नेमका चिकटतो आणि त्याला गळू देत नाही. अमेरिकेत त्याला डिसेंबर 2016 मध्ये मान्यता मिळाली. तो कण्यातून टोचावा लागतो. मग ‘रिस्डिप्लाम’ आले, 2021 मध्ये भारतातही. रेणूची जात वेगळी, काम त्याच जोडणीवर. आणि हे तोंडाने घ्यायचे.

आता हिशेब. रॉशच्या बाटलीची किंमत सुमारे 6 लाख 20 हजार रुपये. बाटलीत 60 मिलिग्रॅम औषध. वीस किलोंच्या पुढच्या रुग्णाला रोज 5 मिलिग्रॅम लागते, म्हणजे बारा दिवसांत बाटली संपली. वर्षाला तीस बाटल्या, 1 कोटी 86 लाख. कंपनीच्या सवलत योजना होत्या, पण सवलत मागावी लागते. सरकारी धोरणानुसार केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांमार्फत रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळते. पूर्ण किमतीने ती आठ बाटल्यांत आटोपते. तीन महिने आणि वर चार-सहा दिवस!

हैदराबादच्या नॅटको कंपनीने हेच औषध बनवले. रॉश पेटंट घेऊन न्यायालयात गेली. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली; ऑक्टोबरमध्ये खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालयातही रॉशच्या हाती काही लागले नाही. नॅटकोची बाटली आली 15,900 रुपयांना. तेच 50 लाख आता दहा वर्षे पुरतात. संशोधनाला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. पण एकोणचाळीसपट फरकाला निव्वळ संशोधनखर्च म्हणायला माझा पेन धजावत नाही. अर्थात पावणेपाच लाख वर्षाला, तेही जन्मभर, ही पगारदार घराला परवडणारी रक्कम नव्हेच.

शिवाय वेळेचे गणित आहे. मेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही. लक्षणे दिसण्याआधी सुरुवात झाली तर गुण सर्वांत चांगला. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर हा आजार ओळखता येतो आणि अनेक देशांत ती तपासणी नेमाने होते. आपल्या प्रसूतिगृहांत ती अजून सरसकट होत नाही.